परशूआबांचे नाचणारे बांगडे

देवबागला येऊन ज्याला मासे काचेच्या पेटीत बघायचे असतील त्याने खुशाल बघावेत. माझा धंदा वायरमनचा. दिवा कुठे लावायचा ते गिऱ्हाईक सांगतं, मी लावतो. पण ज्या गावाला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये घरं बांधायला जेमतेम पट्टी, त्या गावात पाण्याची पेटी आणून तिच्यावर तीन ट्यूबा लावायच्या, हे काम करताना माझ्या हातून पक्कड दोनदा निसटली, एवढं सांगून ठेवतो.

पेटी नितेश मेतरची. नितेश चार वर्षं गोव्यात एका हॉटेलात होता. तिथून परत आला तो डोक्यात खूळ घेऊन. घराच्या मागे त्याने पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या, आणि पुढच्या पडवीत ही चार फुटांची पेटी. तीही साधी नव्हे. तिच्यात झाडं हवीत, झाडं वाढली पाहिजेत, त्यांची पानं लाल झाली पाहिजेत, आणि मासे त्यातून बागेत फिरल्यासारखे फिरले पाहिजेत. त्याच्या हॉटेलात तशी होती म्हणे. आता पाहुणे येणार पुण्या-मुंबईहून समुद्र बघायला, आणि समुद्राकडे पाठ करून हा त्यांना बाग दाखवणार. मी म्हटलं, बरं बाबा, ट्यूबा कुठे लावू?

पण ही गोष्ट नितेशची नव्हे, त्याच्या वडलांची आहे. परशुराम मेतर. आम्ही सगळे परशूआबा म्हणतो.

आबा रापणीचे. ज्यांना रापण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर सगळ्या वाडीने किनाऱ्यावरून ओढायचे. पण जाळं कधी सोडायचं आणि कुठे, हे ठरवणारा माणूस एकच. तो वाळूत उभा राहून नुसता पाण्याकडे बघतो. आमच्या वाडीत तो माणूस म्हणजे परशूआबा, चाळीस वर्षं. त्यांनी खांद्यावरचा पंचा फिरवला की होडी सुटायची. नाही फिरवला तर शंभर माणसं वाळूत बसून विड्या ओढायची, पण कोणी तोंड उघडायचा नाही.

हा मान त्यांना मिळाला एका दिवसात. पासष्ट सालचा दसरा चार दिवसांवर होता. आबा तेव्हा चोवीस वर्षांचे. तो दिवस वाडीतल्या प्रत्येक पोराला पाढ्यासारखा पाठ आहे, मलाही. आबा सांगायचे ते असं:

"बांगडे तोंडां वर करून उभे. दर्या काळो पडलो बांगड्यांनी. पाणी हिरवागार, दाट, तेका येगळोच वास, देवीच्या धुपासारखो. म्हाताऱ्यांनी सांगल्यानी, थांब रे पोरा. मी थांबाक नाय. मी पंचो फिरवलंय. होडी तेंच्या मधसून गेली तरी बांगडे हलाक नायत. जाळ्यात घेतले तर एकान उडी मारूक नाय. देवीन धाडलेले ते. नाचत इले."

त्यानंतर म्हाताऱ्यांनी तोंडं मिटली आणि पंचा आबांच्या खांद्यावर कायमचा आला.

आता मोठ्या यांत्रिक बोटी रात्रंदिवस पाणी खरवडतात, रापण वर्षातून दोनदा पडली तर पडली. आबांच्या नजरेला काम उरलं नाही. वाडीत त्यांना लोक पावसाचा अंदाज विचारत, तोही रेडिओ बिघडला असेल तर. पण नितेशने ती गोष्ट वाया जाऊ दिली नाही. त्याने फाटकावर पाटीच लावली, 'नाचरा बांगडा, निवास व न्याहारी', आणि शेजारी कमरेत वाकलेला एक बांगडा रंगवून घेतला. संध्याकाळच्या चहाला आबा पाहुण्यांपुढे बसून पासष्ट सालचे बांगडे नाचवत. पाहुणे टाळ्या वाजवत. आबा खुर्चीत दोन इंच उंच होत. मी चेष्टा करायचो, पण खरं सांगतो, म्हाताऱ्याला त्या टाळ्यांनी चार वर्षं जगवलं.

तर पेटी. दोन हजार सहाच्या गणपतीनंतर पेटी आली, झाडं आली, म्हापशाहून लाल-निळ्या रेघांचे बोटभर तीस मासे आले. आणि झाडं काही वाढेनात. नितेश म्हणाला, "तेंका गॅस व्हयो. कार्बन डायऑक्साइड."

आबा म्हणाले, "समुद्राक कोण गॅस घालता?"

पण नितेशला गॅस हवाच होता. आधी त्याने घरगुती उपाय केला. प्लास्टिकच्या बाटलीत साखरेचं पाणी आणि आंबवायला माडी, बुचाला भोक, भोकातून नळी पेटीत. माडी फसफसून जो वायू निघतो तोच तो गॅस, असं त्याचं शास्त्र. शास्त्र बरोबर होतं, बूच घट्ट होतं. तिसऱ्या दिवशी बाटली फुटली ती थेट देवघरावर. घरातले देव माडीने न्हाले आणि नितेशची बायको योगिनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मग त्याने मालवणच्या बाजारातून गंगाराम सोडावाल्याचा जुना सिलिंडर आणला. गोटीच्या सोड्याला हल्ली कोण विचारतो, सिलिंडर नुसता पडून होता. त्याच्या तोंडावर दाब दाखवणारी दोन घड्याळं, खाली एक बारीक स्क्रूचा नळ, तिथून नळी एका छोट्या काचेच्या भांड्यात. त्यात बुडबुडे मोजायचे. पुढे पेटीच्या तळाशी एक चकती, तिच्यातून गॅस अगदी पिठासारखा बारीक होऊन पाण्यात मिसळणार. मी त्याला विजेचा एक खटका बसवून दिला, ट्यूब पेटली की गॅस सुरू, ट्यूब विझली की बंद. झाडं उजेडातच गॅस खातात म्हणे. नितेशने घड्याळ हातात धरून नळ जुळवला. सेकंदाला एक बुडबुडा. कमी नको, जास्त नको. काय केलं तर काय होईल ह्याचा एक इंग्रजी कागद त्याने मला वाचायला दिला. मला इंग्रजी येतं. मी त्या कागदावर चहाचा पेला ठेवला.

पंधरा दिवसांत झाडं तरारली. पानांना बारीक मोत्यांसारखे बुडबुडे धरायला लागले. आबासुद्धा येता-जाता थांबून बघायचे आणि कोणी बघत नाही ना ते आधी बघायचे.

दिवाळीची सुट्टी लागली. पुण्याचे आठ पाहुणे सकाळच्या गाडीने कुडाळला उतरणार होते. नितेश त्यांना आणायला गाडी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आबा, पेटीकडे नजर ठेवा. नळाक तेवढो हात लावू नका." मी शिडीवर चढून पडवीतला पंखा खोलत होतो. योगिनी आत सोलकढी करत होती.

नळाला हात लावू नका म्हटलं नसतं तर आबांनी तिकडे बघितलंही नसतं. आता ते खुर्ची ओढून बुडबुडे मोजत बसले. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणाले, "गणपत, ह्या काय वाढणा? एक, मगे थांब, मगे एक. पानावर कोणी बसलो तर आपण भात शितां मोजून वाढतंव?"

मी वर पंख्यात होतो. मी म्हटलं, "नाय."

आमच्याकडे पाहुण्याच्या पानात हात आखडता घेणं म्हणजे घराण्याला बट्टा. आबांनी स्क्रूला एक आटा दिला. बुडबुडे पळायला लागले. त्यांना बरं वाटलं.

अर्ध्या तासाने त्यांनी मला हाक मारली. आवाज बारीक झाला होता. मी खाली उतरलो. तीसच्या तीस मासे पाण्याच्या वरच्या रेघेला येऊन, तोंडं वर करून, ओळीने उभे. आबांनी काचेवर टिचकी मारली. एक हलला नाही.

"गणपत," आबा म्हणाले, "पासष्ट साली हे असेच होते. असेच. माका वाटलेला नाय की परत बघूक गावतला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि त्या पाण्याच्या भरात त्यांनी स्क्रूला आणखी दोन आटे दिले.

मी काय केलं? मी बाहेर जाऊन शेजाऱ्यांना बोलावलं. कबूल करतो. दहा मिनिटांत पडवीत पंचवीस माणसं. सगळी मासेमारी करणारी, आयुष्य मासळीत गेलेलं, आणि सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की मासळी वर आली, म्हणजे घराचं नशीब उघडलं. परशूआबांनी सांगितल्यावर वेगळं सांगणार कोण? शंकर गावकराने नारळ मागवला. पेटीपुढे विडा ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा, आज ह्या काचेच्या पेटीत जी मासळी तू नाचत हाडलंस ती अशीच नाचत ऱ्हवांदे रे महाराजा."

आम्ही सगळे म्हणालो, "व्हय महाराजा."

"नितेशाच्या धंद्याक बरकत दी रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"कोण वाकड्या नजरेन बघीत तर तेका सरळ कर रे महाराजा."

तिसऱ्या 'व्हय महाराजा'ला पहिला मासा उलटा झाला. दोघातिघांनी ते लोटांगण समजून हात जोडले. एवढ्यात फाटकात गाडी थांबली.

नितेश आत आला तेव्हा आम्ही पंचवीस जण पेटीपुढे उभे, नारळ फुटलेला, आणि निम्मे मासे पोट वर करून तरंगत. तो गर्दीतून घुसला, आधी सिलिंडर बंद केला, मग बादलीने पेटीतलं पाणी उपसून दुसरं ओतत सुटला. "आबा, गुदमरतत ते. गुदमरतत." मागे पुण्याचे आठ पाहुणे बॅगा धरून उभे. त्यातल्या एका गृहस्थाने मला हळूच विचारलं, हे रोज असतं की आज काही विशेष आहे? आणि फोटो काढला.

तिसांतले दोन वाचले.

आबांनी एकच प्रश्न केला. "गुदमरताना मासो वर येता?"

नितेश तापला होता. बापाला असं बोलायचा मुलगा नव्हे तो, पण त्या दिवशी बोलला. "व्हय. पाणी बिघडला की वर येता. तोंड वर करता हवेसाठी. मगे तो हलना नाय, कोणाक भियना नाय, उडी मारना नाय. मारतलो कसो? तेच्यात जीवच नसता."

आबा पेटीजवळच्या खुर्चीत बसले. पाहुण्यांसमोर बापाला बोललो म्हणून नितेशला नंतर वाईट वाटलं, त्याने दोनदा माफीही मागितली. आबा म्हणाले, ठीक आहे. मी समजलो, की मेलेल्या अठ्ठावीस माशांची लाज वाटली असेल म्हाताऱ्याला. ज्या माणसाने जन्मात किती लाख मासे मारले त्याचा हिशोब देवाकडेही नसेल, तो बोटभर माशांसाठी जेवला नाही, ह्यावर मी वाडीत चांगला आठवडाभर हशा पिकवला.

त्या संध्याकाळपासून आबांनी गोष्ट सांगणं बंद केलं. घसा बसलाय, म्हणाले. घसा दिवाळी संपली तरी बसलेला आणि जत्रा होऊन गेली तरी बसलेला. पाहुणे पाटी वाचून विचारत, नितेश काहीबाही सांगून वेळ मारून नेई. नवे मासे आले. आबा दिवसभर पेटीसमोर बसायचे, मांडीवर बोट आपटत बुडबुडे मोजायचे. एखादा मासा जरा वरच्या अंगाला गेला की उठून उभे राहायचे. पोरं फाटकातून ओरडत, "आबा, आज खंय रापण?" मीही एकदा ओरडलो.

मार्गशीर्षात ट्यूब बदलायला गेलो होतो. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "गणपत, होडी मधसून गेली तरी ते हलाक नाय होते."

"कोण?"

"पासष्टचे. एकान उडी मारूक नाय."

 मला सुचलं ते बोललो. "आबा, तेव्हा समुद्रात सिलिंडर घेवन कोण गेल्लो?"

"समुद्राक सिलिंडर लागना नाय. पावसाळो सरलो की कधी कधी खालचा पाणी आपसूक बिघडता. हिरवा होता, वास मारता. म्हाताऱ्यांनी थांब म्हणान सांगल्यानी ता उगाच नाय. तेंका ठावक होता." आबांनी बोट मांडीवर आपटलं, एक बुडबुडा मोजला. "धुपाचो वास नाय होतो तो."

मी ट्यूब बसवायला घेतली. त्यांचा पंचा, वाडीतला शब्द, फाटकावरची पाटी, चहाच्या टाळ्या, सगळं त्या एका दिवसावर उभं होतं. आणि तो दिवस त्यांनी चुकीचा वाचला होता. वाडीत हे आपल्या एकट्यालाच माहीत आहे, असं त्यांना वाटत होतं. आता मीही. मी कोणाला बोललो नाही, ह्या जन्मात एवढं एक चांगलं काम माझ्या नावावर आहे.

जानेवारीत नितेश घायकुतीला आला. मुंबईच्या एका सहलवाल्या कंपनीचा साहेब चौदा माणसं घेऊन येणार होता. जागा आवडली तर त्यांच्या पुस्तकात 'नाचरा बांगडा'चं नाव छापणार, गोष्टीसकट. नितेश वडलांपुढे हात जोडून म्हणाला, "आबा, आजच्या दिसापुरती सांगा. फक्त आज."

आबा म्हणाले, "सांगतंय."

साडेचारला पडवीत चहा मांडला. साहेब वही उघडून बसला. मी मुद्दाम थांबलो, खटका तपासायचा म्हणून. सत्यवतीकाकू, म्हणजे आबांची बायको, सगळ्यांना कप देत होती. ह्या बाईने चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी वाहिली, तिच्या जिभेला वाडीतले पुरुष वचकून असतात. गोष्ट सुरू झाली की ती नेहमी आत निघून जायची. आज ट्रे हातात धरून दारातच उभी राहिली.

आबांनी दसऱ्यापासून सुरुवात केली. काळा पडलेला दर्या, वर केलेली तोंडं, हिरवं पाणी, म्हातारे, पंचा. शब्द न शब्द तोच. साहेब भराभर लिहीत होता. जाळं आलं. एकाही बांगड्याने उडी मारली नाही. पाहुण्यांनी टाळीसाठी हात उचलले.

"ते नाचत नाय होते," आबा म्हणाले. "तेंचो जीव जात होतो. पाणी बिघडलेला. माका कळाक नाय."

हात तसेच राहिले. साहेबाने चाचपडत विचारलं, "म्हणजे तुमचा अंदाज चुकला होता?"

"व्हय. चुकलो. आणि त्या चुकीचो मान मी चाळीस वर्सां खाल्लंय." मग नितेशकडे वळून म्हणाले, "ती पाटी काढ, झिला."

नितेशने मान खाली घातली. वाडीतले चारपाच जण होते तेही जमिनीकडे बघायला लागले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. मी खटक्याचा स्क्रू सोडवला आणि परत आवळला.

"माका ठावक होता," सत्यवतीकाकू दारातून म्हणाली.

आबांनी वळून बघितलं.

"पयल्या पाट्या हातोहात गेल्यो. आमचे बांगडे दोनपारपर्यंत टिकाक नायत. मी तारकर्लेपर्यंत गेलंय नि वास मारूक लागले म्हणान परत फिरलंय. माडांच्या आळ्यात पुरलंय सगळे. मी एकटीन न्हय, वाडीतल्या सगळ्या बायकांनी."

सगळ्या बायकांनी, म्हणजे माझ्या आईनेसुद्धा. ती मरेपर्यंत मला आबांची गोष्ट सांगून झोपवायची.

"आणि माका एकजण बोलाक नाय?" आबा म्हणाले. आवाजात राग होता, खरोखरचा.

"बाकीच्यांचा माका ठावक नाय." काकूने ट्रे टेबलावर ठेवला. "लगीन होवन चार म्हयने झाले होते. चार म्हयन्यांत तुमी घरात एकदाय हसाक नाय होतास. माका वाटा, ह्या माणसाक मी आवडूक नाय. त्या दिसा दर्यावरसून धावत इलास, पंचो डोक्यार धरून, नि खळ्यात माझ्यासमोर नाचलास. तेच्यानंतर मी काय सांगतलंय, मासळी कुजली?"

 टाळी वाजवायची की नाही ते चौदा पाहुण्यांना कळेना. साहेबाने वही मिटली, मग काय वाटलं कोण जाणे, परत उघडली.

 आबांनी थंड झालेला चहा पिऊन टाकला आणि कप तिच्या हातात दिला.

"आणि ते माड?"

"त्या वर्सा बरे धरले," सत्यवतीकाकू म्हणाली आणि रिकामे कप गोळा करून आत गेली.